रुमालाखालचा आकडा

त्रिशला मगदूममध्ये खोट काढायचीच झाली तर एकच काढता आली असती. ती समाधानी होती. चहा पाणचट झाला तर "गरम तर आहे ना", बस चुकली तर "तेवढंच चालणं झालं", आणि नवरा आठवड्याचे पाच दिवस जतला राहतो म्हणून कुणी हळहळलं तर "शनिवार-रविवार असतात की घरी". अशी माणसं शेजारी असावीत, विहीणबाई म्हणून मिळावीत, प्रवासात समोरच्या बाकावर बसावीत. पण साल होतं २०३९, आणि थांग यंत्राच्या जमान्यात असला स्वभाव म्हणजे दर महिन्याला खिशाला भोक.

सांगलीच्या शेटे हळद उद्योगात ती सतरा वर्षं प्रतवारीच्या टेबलावर होती. हळकुंड घ्यायचं, कानाजवळ धरून कडकन मोडायचं, मोडलेल्या जागेचा रंग बघायचा आणि डोळे मिटून वास घ्यायचा. मालात रंगद्रव्य किती, ओल किती हे प्रयोगशाळेतली यंत्रं दशांशापर्यंत सांगायची. पण हाच माल आठ महिने गोदामात राहिला तर कसा वागेल, हे सांगणारं यंत्र अजून निघालं नव्हतं. ते काम त्रिशलाच्या नाकाचं होतं, आणि ते नाक वर्षातून एकदाही चुकत नसे.

त्यामुळे विभागप्रमुख तेरदाळकर निवृत्त झाले तेव्हा मालकीणबाईंनी दुसरं नाव काढलंच नाही.

"त्रिशला, तेरदाळकरांची खुर्ची आता तुझी," मंदाकिनी शेटे म्हणाल्या. अडुसष्ट वर्षांची बाई, आवाज मात्र अजून कारखान्याच्या भोंग्याला मागे टाकेल असा. "काम तू गेली चार वर्षं करतीयसच. आता नावाची पाटी लाव."

"लावते की," म्हणून त्रिशला हसली. मग तिला हसू आवरावं लागलं, कारण पुढचं वाक्य तिला ठाऊक होतं.

"पगाराचं तेवढं थांगवर ठरेल. तीन आठवड्यांनी, शनिवारी अकरा वाजता. माझ्या हातात नाही गं ते. पुण्याच्या संचालकांचा नियम आहे."

त्रिशलाला तेव्हा अठ्ठावन्न हजार मिळत होते. तेरदाळकरांना एक लाख तीस हजार मिळायचे. जाताना त्यांनीच तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं. म्हणाले होते, "यापेक्षा कमी घेऊ नकोस. माझ्या अर्ध्या चुका तू निस्तरल्यास."

आता हे थांग म्हणजे काय, ते सांगायला हवं. यंत्र जन्माला आलं चांगल्या कामासाठी. दवाखान्यातल्या तान्ह्या बाळांना कुठे दुखतंय ते सांगता येत नाही. हृदयाचा ठोका पडला की चेहऱ्याच्या कातडीखालून रक्ताची एक बारीक लाट जाते आणि चेहरा कणभर लाल होतो. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. त्यावरून ठोके मोजता येतात, दोन ठोक्यांमधलं अंतर मोजता येतं आणि जिवाची घालमेल कधी वाढली, कधी निवली ते समजतं. जोडीला आवाजातला कंप आणि बुबुळांचं लहानमोठं होणं धरलं, की बाळ रडायच्या आधी नर्सला कळायचं.

मग कुणाच्या तरी सुपीक डोक्यात आलं, की पगाराचं बोलायला आलेली माणसंही कुठे दुखतंय ते सांगत नाहीत! झालं. बाळांचं यंत्र कंपन्यांच्या टेबलांवर आलं. कंपनीचा माणूस एकेक आकडा मोठ्याने म्हणे आणि तीन सेकंद थांबे. यंत्राला त्या शब्दांपासून पुढे घड्याळ लावायचं असे: हा प्रश्न, आणि हे शरीराचं उत्तर. वरखाली पंधरा-वीस आकडे झाले की एका आकड्याला जीव आतल्या आत 'हुश्श' करतो. माणूस तोंडाने काहीही म्हणो, तो 'समाधानाचा आकडा' पडद्यावर येई. कंपनी तेवढाच देई, वर एक रुपया नाही.

लोकांनी मुखपट्ट्या लावून पाहिल्या, झोपेच्या गोळ्या घेऊन पाहिल्या. मग कायदा झाला: बैठकीत चेहरा झाकायचा नाही, आवाज बदलायचा नाही, औषध घ्यायचं नाही, आणि बैठक संपेपर्यंत यंत्र बंद करायचं नाही. त्यानंतर चारपाच वर्षांत जगाची अशी काही उलथापालथ झाली की बोलायची सोय नाही. आनंदी माणसं स्वस्त झाली आणि कुरकुरी माणसं महाग. लग्नाच्या जाहिरातींत 'मुलगा कायम असमाधानी, उत्तम पगार' असं छापून येऊ लागलं. गल्लोगल्ली असमाधान वर्ग निघाले.

त्रिशलाचे आत्तापर्यंतचे सगळे आकडे पाहून मनुष्यबळ विभागातल्या मिहीर पोंक्षेने अंदाज काढला होता. तो भला मुलगा होता, म्हणून त्याने तो लपवला नाही. "मॅडम, तुमचा आकडा सत्तर हजारांच्या आसपास येईल. तुम्ही फार पटकन खूश होता."

*

सत्तर हजार काही कमी नव्हते. खरं सांगायचं तर त्रिशलाला ते पुरलेही असते. म्हणून तर यंत्र तेच सांगणार होतं. पण त्या रात्री तिने पहिल्यांदा बोटांवर हिशेब केला. तिचा नवरा भूपाल जतच्या शाळेत चित्रकला शिकवत होता. सांगलीतल्या एका शाळेने त्याला दोनदा बोलावलं होतं, पण अर्ध्या पगारावर. अकरा वर्षं तो शुक्रवारी संध्याकाळी यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. तेरदाळकरांचा पगार मिळाला तर भूपाल घरी येऊ शकत होता, कायमचा. सत्तर हजारांत ते जमत नव्हतं. आणि 'शनिवार-रविवार असतात की घरी' हे वाक्य आपण अकरा वर्षं किती जोर लावून म्हणतोय, हे तिला त्या हिशेबात कळलं.

तिने असमाधान वर्गात नाव घातलं.

वर्गाचे सर रोज सकाळी एक प्रश्न द्यायचे: आज काय कमी पडलं? दिवसभरात पंचवीस गोष्टी वहीत लिहायच्या. पहिल्या दिवशी त्रिशलाला दोनच सुचल्या, आणि दुसरी तिने खोडली. पण सतरा वर्षं वास घेऊन पारखणारी बाई ती. शिकायला लागली की शिकणारच. दुसऱ्या आठवड्यात तिची वही पंचवीसच्या पुढे गेली.

शनिवारी भूपालने नेहमीप्रमाणे भडंग केलं. चुरमुऱ्याला लसूण-मसाला चोळायची त्याची स्वतःची पद्धत होती आणि आठवडाभर तो ती मनात घोकत असे.

"मीठ कमी आहे," त्रिशला म्हणाली. "आणि शेंगदाणे जास्त भाजलेत."

भूपालचा हात परातीतच थांबला. "नेहमीसारखंच केलंय की गं."

"मग नेहमीच कमी असेल."

सासरे, आप्पा, दिवाणावर बसून हे ऐकत होते. त्यांनी मूठभर भडंग तोंडात टाकलं आणि "झ्याक झालंय" असं भिंतीकडे बघून म्हटलं. सोमवारी पहाटे जाताना भूपाल दारात घुटमळला. "त्रिशला, माझं काही चुकलं का?" तिला म्हणायचं होतं, की नाही हो, तुम्ही घरी यावं म्हणून चाललंय हे सगळं. पण वर्गाचा नियम होता, कारण सांगायचं नाही. सांगितलं की जीव हलका होतो. तिने पिशवी त्याच्या हातात दिली आणि तो गेला. दार लावून ती तिथेच रडली.

*

खरी खोड मोडली ती बुधवारी.

टेबलावर कडेगावच्या बाजूची एक खेप आली होती. त्रिशलाने हळकुंड मोडलं, वास घेतला आणि 'दुसरी प्रत' असा शिक्का मारला. पुढच्या खेपेलाही दुसरी. तिसरीलाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिच्या टेबलावर एकही पहिली प्रत निघाली नव्हती. सतरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. एक तर महाराष्ट्रातली हळद एका सकाळी बिघडली असावी, नाहीतर तिचं नाक.

तिने कडेगावचं पोतं परत उघडलं. मनातली वही मिटली आणि नुसता वास घेतला. ओली माती, थोडा कापूर, मागून गोडसर ऊब. पहिली प्रत! अव्वल पहिली! यात काय कमी आहे हे शोधता शोधता यात काय आहे तेच तिने हुंगलं नव्हतं. ज्याच्या घामाचा माल, त्याला आज क्विंटलमागे हजारोंचा फटका बसला असता, आणि तो तिच्या सहीने.

उरलेल्या दोन खेपा परत हुंगून तिने तिन्ही शिक्के रद्द केले, कारण म्हणून 'प्रतवारी करणाऱ्याची चूक' असं स्वतःच्या हाताने लिहिलं आणि तिथल्या तिथे असमाधान वर्गाचं नाव फोनमधून काढून टाकलं. एवढं मात्र तिला लख्ख कळलं होतं: ज्या स्वभावाने तिचा पगार कमी होत होता, त्याच स्वभावावर तिचं काम चालत होतं. तिला तो सोडता येणार नव्हता आणि सोडायचाही नव्हता.

पण शनिवार तीन दिवसांवर आला होता.

*

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आप्पा दिवाणावर बसून फोनवर हळदीचे भाव बघत होते. नेमगोंडा मगदूम म्हणजे एके काळचे बाजारातले नावाजलेले दलाल. सौदे पडद्यावर जाऊन जमाना झाला होता, तरी भाव बघताना त्यांची बोटं मांडीवरच्या पंचाखाली आपोआप हलायची. त्रिशलाने ते हजारदा पाहिलं होतं. आज मात्र ती त्या पंचाकडे बघतच राहिली.

"आप्पा, तुम्ही सौदा रुमालाखाली का करत होता?"

"आता गं काय मधीच?" आप्पा खुलले. "मोठ्यानं भाव बोललं की बाजूच्याला कळतंय. म्हणून हातावर रुमाल टाकायचा आन् बोटं धरायची. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, पंजा म्हंजे पाच. तळव्यावर रेघ वडली की अर्धा. एकं कशाचं, शंभराचं का हजाराचं, तेवढं आधी मोठ्यानं बोलायचं. बाकी समदं मुठीत."

"म्हणजे बघणाऱ्याला माणसं दिसतात, चेहरा दिसतो, आकडा दिसत नाही."

"आकडा देवालाबी दिसत न्हाई."

त्रिशला उभीच राहिली. थांगला शरीराचं उत्तर दिसतं. पण कशाचं उत्तर, हे त्याला प्रश्न ऐकल्यावरच कळतं. प्रश्न ऐकूच आला नाही तर?

"आप्पा, मला शिकवा."

सगळं ऐकल्यावर आप्पा आधी पोट धरून हसले, मग गंभीर झाले. "एक सांगतो. ही पद्धत काय चांगली न्हवती. ज्याचा माल तो बिचारा भाईर उभा, आन् त्याच्या मालाचा भाव आमच्या मुठीत. बंद झाली ते झ्याक झालं. पण तुझ्या सौद्यात ज्याचा माल त्याचाच हात रुमालाखाली हाय. मग हरकत न्हाई." त्यांनी पंचा झटकला. "बस. आन् ध्यानात ठेव, आकडा बोटं सांगत्यात, पण खरं काय ते अंगठा सांगतोय. समोरच्याचा अंगठा सैल हाय तवर त्याच्याकडं शिल्लक हाय. अंगठा ताठला की तळ लागला. हे यंत्र आमच्याकडं लई आधीपास्नं हाय बघ."

तीन संध्याकाळी सासरा-सुनेने त्या पंचाखाली जगातले सगळे सौदे केले. शुक्रवारी भूपाल आला तो दारातच थबकला. त्याची बायको आणि वडील एकमेकांचा हात धरून, गंभीर चेहऱ्याने छताकडे बघत बसले होते.

"काय चाललंय काय?"

"मीठ बरोबर होतं हो," त्रिशला एकदम म्हणाली. "शेंगदाणेही. मी खोटं बोलले. उद्या परत करा, दुप्पट करा."

*

शनिवारी अकरा वाजता मंदाकिनीबाईंच्या खोलीत तिघं होती. बाई, त्रिशला आणि थांग सांभाळायला मिहीर. टेबलावर लाडवाच्या डब्याएवढं यंत्र, त्याचा डोळा त्रिशलाच्या चेहऱ्यावर. पडद्यावर अक्षरं आली: 'प्रश्नाची वाट पाहत आहे.'

"बाईसाहेब, आपण सत्तरपासून सुरुवात करू. मोठ्याने म्हणा," मिहीर म्हणाला.

त्रिशलाने पिशवीतून आप्पांचा जुना, हळदीने कायमचा पिवळा पडलेला रुमाल काढला, टेबलावर आपला उजवा हात ठेवला आणि त्यावर तो अंथरला.

"बाईसाहेब, मी हळदीची माणूस. तुम्हीही हळदीच्याच. सौदा आपल्या रीतीने करू. एकं दहा हजाराचं."

मंदाकिनीबाई त्या रुमालाकडे बघत राहिल्या. बाई चिडल्या तर खुर्ची जाणार, भूपालचं येणं जाणार, आणि सत्तर हजारही बहुतेक जाणार.

"हा रुमाल कुणाचा?" बाईंनी विचारलं.

"माझ्या सासऱ्यांचा. नेमगोंडा मगदूम."

"मगदूम दलाल!" बाईंचा आवाज एकदम कोवळा झाला. "आमच्या वडलांच्या पेढीवर यायचे. मी दहा वर्षांची, गादीवर कडेला बसून बघायची. वडलांना म्हटलं, मला शिकवा. म्हणाले, बायकांचा हात रुमालाखाली जात नसतो. मग मी चोरून शिकले. भावाच्या हातावर, चादरीखाली." त्यांनी हातातल्या दोन्ही बांगड्या मागे सारल्या. "अठ्ठावन्न वर्षं झाली त्याला. मिहीर, दार लाव."

"पण बाईसाहेब, आकडा बोलायला हवा ना?"

"नियमात काय आहे? चेहरा उघडा हवा. आहे. आवाज बदलायचा नाही. आम्ही बोलतच नाही. यंत्र चालू हवं. आहे ना चालू? मग गप बस."

आणि बाईंचा हात रुमालाखाली आला. सुरकुतलेला, पण पकड अशी की त्रिशला दचकली.

आधी पंजा, मग दोन बोटं. सात. सत्तर हजार. त्रिशलाच्या जिवाने सवयीने 'हुश्श' केलंच. स्वभाव आहे तो, तीन दिवसांत जातो थोडाच! डब्याने ते पाहिलंही असेल. पण कशाचं हुश्श, ते त्याला कोण सांगणार? 'प्रश्नाची वाट पाहत आहे.' आणि बाईंना समोर दिसत होतं ते त्रिशलाचं हसू. ती तर कायमच हसायची, त्यातून कुणाला काय कळणार?

त्रिशलाने उलट पंजा दिला, पुन्हा पंजा आणि पुन्हा पंजा. पंधरा.

बाईंनी नाकाने 'हं' केलं आणि नऊ दिले. त्रिशला चौदावर आली. बाई दहावर. रुमाल आत उंदीर शिरल्यासारखा हलत होता. मिहीर कधी रुमालाकडे, कधी पडद्याकडे बघत होता. अकरा. त्रिशलाने नकारार्थी मान हलवली. बारा. इथे बाईंनी तिची बोटं घट्ट आवळली, म्हणजे संपलं, आता पुढे नाही. चेहराही तसाच केला, करारी. पण त्यांचा अंगठा त्रिशलाच्या मनगटावर सैल पडला होता, रविवारच्या दुपारसारखा निवांत.

शिल्लक आहे, त्रिशलाने ओळखलं. तिने तेरा दिले. अंगठा हलला, पण ताठला नाही. तेरदाळकरांचा आकडा समोर होता. घ्यावा आणि उठावं, असं तिच्यातली समाधानी बाई म्हणाली. त्रिशलाने तिला प्रेमाने गप्प केलं आणि बाईंच्या तळव्यावर एक रेघ ओढली. साडेतेरा.

अंगठा ताठ झाला. लोखंडासारखा. एक क्षण, दोन क्षण. मग बाईंनी त्रिशलाचा अख्खा हात दोन्ही हातांत धरून गदागदा हलवला आणि अशा काही हसल्या की बाहेरच्या टेबलावरची माणसं उठून उभी राहिली.

"सौदा झाला!" बाई म्हणाल्या. डोळे पुसत होत्या. "मगदुमांची सून शोभतेस. तेरदाळकर पहिल्या दिवशी एवढे भांडले असते तर बरं झालं असतं, निदान मला मजा तरी आली असती. कसं ओळखलंस मी चढीन म्हणून?"

"तुमच्या अंगठ्याने सांगितलं."

बाईंनी आपल्या अंगठ्याकडे रागाने पाहिलं आणि परत हसल्या.

"अभिनंदन मॅडम," मिहीर काकुळतीने म्हणाला. "पण पत्रात किती लिहू? याच्यात काहीच नोंदलं गेलं नाही."

पडद्यावर अजून तेच होतं: 'प्रश्नाची वाट पाहत आहे.'

"आण इकडे हात," मंदाकिनीबाई म्हणाल्या आणि रुमाल पुन्हा अंथरला. "शिकून घे. पुढच्या वर्षी तुझीपण बढती आहे."

*

ती घरी पोचली तेव्हा परातीत भडंग तयार होतं, दुप्पट. भूपाल दारातच उभा होता. "काय झालं? किती?"

त्रिशला बोललीच नाही. चप्पल काढून सरळ आप्पांच्या समोर जाऊन बसली, तिने तो पिवळा रुमाल पसरला आणि हात खाली घातला. आप्पांनी डोळे मिटले. पंजा. पंजा. तीन बोटं. मग तळव्यावर एक रेघ.

"परत सांग," ते म्हणाले. तिने परत सांगितलं. त्यांनी हात सोडला नाही. कितीतरी वर्षांत त्या हातात कुणी सौदा दिला नव्हता, आणि आज दिला तो असा.

"अहो, मला कुणी सांगणार आहे का?" भूपाल परात हातात घेऊन म्हणाला. "आप्पा, किती झाले?"

आप्पांनी डोळे उघडले. आकडा काही त्यांनी सांगितला नाही. दलालाने सौदा फोडायचा नसतो.

"भूपाल," ते म्हणाले, "जतातली खोली सोड."

भूपालने परात खाली ठेवली. मग तो त्रिशलाशेजारी बसला आणि त्यानेही आपला हात रुमालाखाली घातला. त्याला बोटांची भाषा येत नव्हती, म्हणून त्याने नुसता तिचा हात धरला.